कान तुटका कप

दिवाळी आली की कंपन्यांना माणुसकीचा ताप भरतो. भाऊबीजेपर्यंत उतरतोही. पूर्वी मिठाईचा पुडा मिळायचा. मग स्टीलचा डबा आला, मग भिंतीवरचं घड्याळ, तबकडीवर कंपनीचं नाव. आता नवी टूम निघालीय : हातानं घडवलेला मातीचा मग. जवळपासच्या एखाद्या सिरॅमिकवाल्याला ऑर्डर द्यायची, दोन-अडीचशे मग करून घ्यायचे आणि पुठ्ठ्याच्या खोक्यात गवत घालून स्टाफला वाटायचे. सोबत छापील चिठ्ठी. तिच्यावर माती, मुळं, परंपरा आणि स्थानिक कारागिराला हातभार.

टूम वाईट नाही, हे आधीच सांगून टाकतो. नायतर म्हणाल, यांना दिसेल त्याला शिव्याच घालायच्या असतात. प्लास्टिकच्या बाटलीपेक्षा रत्नागिरीत कुणी हातानं केलेला कप शंभर पटीनं बरा. पैसा दलालाच्या खिशात न जाता चाकावर बसलेल्या माणसाकडे जातो. आमचे प्रश्न दोनच. कप कुणाकुणाला मिळाला? आणि कप करणाऱ्याला काय मिळालं? या दोन प्रश्नांची उत्तरं सरळ आली तर खुशाल वाटा, आम्हीही चहा पिऊ. नाही आली तर ती भेट नव्हे. ती जुनीच उतरंड, फक्त वरून झिलई मारलेली.

इथल्याच एका कंपनीत हे झालं. नाव लिहीत नाही, गेटं सगळी सारखीच. मग वाटले ते मॅनेजरपासून पर्मनंट ऑपरेटरपर्यंत. आम्ही जेटीवर माल चढवणारे-उतरवणारे, संडास धुणाऱ्या बाया, गेटवरचा वॉचमन, कँटीनमधला पोऱ्या, आमची नावं यादीतच नव्हती. विचारलं तर साहेब गोड हसून म्हणाले, "तुम्ही ठेकेदाराची माणसं. ही स्टाफसाठी आहे." ठेकेदाराला विचारलं तर तो म्हणाला, "कंपनीनं दिली तर मी अडवतोय का?" दोन दिवसांनी उरलेलं खोकं उघडलं. कुणाचा कान वाकडा, कुणाची झिलई ओघळलेली, कुणाच्या बुडाशी केसाएवढा तडा. ते मग आमच्यात वाटायला काढले. म्हणे सेकंड माल आहे, पण चहाला चालेल.

आम्ही घेतले नाहीत. एवढ्यावरून 'कपासाठी भांडतात' म्हणून आमच्यावर हसले. म्हणून हे लिहायला घेतलं. कपासाठी भांडणं हसण्यावारी नेण्याची गोष्ट नाही. या देशात माणसाची किंमत भांड्यावर ठरवलेली आहे.

कान तुटका कप आपल्याला नवा नाही. आपल्या आयांनी, आज्यांनी तो हातात धरलाय. ज्यांच्या घरी त्या शेणगोठा आणि धुणी-भांडी करायला गेल्या, तिथं वळचणीला एक कप वेगळा असायचा. कान गेलेला, कडेचा टवका उडालेला. चहा वरून ओतायचा. पिऊन झाला की आपणच विसळून पालथा घालायचा. घरात फुटलेलं भांडं फेकायचं नाही, आपल्यासाठी ठेवायचं. हा कुणा बाईचा कंजूषपणा नव्हता. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात चांडाळांनी फुटक्या भांड्यात जेवावं असा हुकूमच आहे. पेशवाईत अस्पृश्याला गळ्यात मडकं बांधून फिरावं लागे, त्याची थुंकी रस्त्यावर पडू नये म्हणून. बाबासाहेबांनी हे १९३६ सालच्या लाहोरच्या न झालेल्या भाषणात नोंदवून ठेवलंय. गुजरातच्या खेड्यांत दलितांसाठी वेगळ्या ठेवलेल्या भांड्याला तर नावही गोड दिलंय, रामपात्र. तमिळनाडूत चहाच्या दुकानांतले वेगळे पेले, ते 'दोन टंबलर' नावानं कुप्रसिद्ध आहेत. आणि शहरातल्या फ्लॅटमध्ये कामवालीचा कप आजही कित्येक घरांत वेगळाच असतो. सुधारणा इतकीच की तो आता स्टीलचा असतो.

कपाचा धाक वरच्यांनाही होता. १८९० च्या ऑक्टोबरात पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये पाद्र्यांनी चहा दिला. टिळक होते, रानडे होते. टिळक तर आपल्या रत्नागिरीत जन्मलेले, १८५६ साली. त्या चहावरून सनातन्यांनी ग्रामण्य उभं केलं, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं आणि मोठमोठ्यांना प्रायश्चित्ताची भाषा करावी लागली. एवढ्यांना एका कपानं घाम फोडला. आपला आजा तर साधा पाण्याला गेला होता. २० मार्च १९२७ ला महाडात बाबासाहेबांनी चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं, तेव्हा सनातन्यांनी शेण, गोमूत्र, दूध, दही यांच्या १०८ घागरी आणून तळं 'शुद्ध' केलं.

कुणी म्हणेल हे सगळं खेड्यातलं, धर्मातलं. कारखान्याच्या भोंग्याला जात नसते. असते ना! मुंबईच्या गिरण्यांत विणकाम खात्यात पगार चांगला. तिथं अस्पृश्याला घेत नसत, कारण धोट्याचा दोरा तोंडानं ओढावा लागे आणि थुंकी लागली की विटाळ. १९२८ च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हाच प्रश्न लाल बावट्याच्या पुढाऱ्यांपुढं टाकला. कपाची कड असो की धोट्याचा दोरा, आडवे आले ते आपले ओठ. आज कुणी विटाळ म्हणत नाही, 'स्टाफ' म्हणतात. ठेकेदारीत कोण आहेत बघा, संडास कोण धुतं बघा, मग यादी कुठं संपते ते आपोआप कळेल.

आता भेट आणि हक्क यातला फरक. त्या गिरण्यांत कोकणातले हात सगळ्यात जास्त होते, आणि कोकणातही जुन्या रत्नागिरी जिल्ह्यातले. सिंधुदुर्ग १९८१ साली वेगळा झाला, त्याच्या आधीचा जिल्हा. पहिल्या महायुद्धाच्या सुमाराला गिरणीमालकांना बक्कळ नफा झाला, तेव्हा काही वर्षं त्यांनी बोनस दिला. नफा घसरल्यावर बंद केला. १९२४ च्या जानेवारीत मुंबईतल्या गिरण्या बंद पडल्या. सरकारनं समिती नेमली. समिती म्हणाली, बोनसवर कामगाराचा हक्क पोचत नाही. म्हणजे मालकाची खुशी. दिला तर दिला.

तेव्हापासून कायदा व्हायला ४१ वर्षं लागली. १९६५ च्या बोनस कायद्यानं किमान ४ टक्के आणि जास्तीत जास्त २० टक्के हे आकडे आले, आणि किमान आकडा पुढं दुरुस्तीनं ८.३३ टक्के झाला. ८.३३ म्हणजे बारा महिन्यांच्या पगारावर तेरावा पगार. २०१९ च्या वेतन संहितेतही हेच आकडे ठेवलेत. वर्षात तीस दिवस काम भरलं आणि पगार ठरलेल्या मर्यादेत असला की बोनस मागायला हात जोडावे लागत नाहीत. ठेकेदाराकडचा कामगार हाही कामगारच. म्हणून तुमच्या गेटवर मग वाटायला आले तर पहिला प्रश्न हा विचारा : बोनस वाटला का? ठेकेदारानं वाटला का? हक्क बुडवून जी भेट येते, ती आपल्याच खिशातून काढलेल्या पैशाची असते. वर आपण थँक्यू म्हणायचं!

आता दुसरा प्रश्न, करणाऱ्याचा. बारा बलुतेदारांत कुंभार होता. गावाला वर्षभर मडकी, रांजण, परळ पुरवायचे. नवरात्राला घट, संक्रांतीला सुगडं, दिवाळीला पणत्या, लग्नाला करा आणि मयताला मडकं. बदल्यात खळ्यावर धान्य. भाव ठरवायचा अधिकार त्याला नव्हता. खोटं कशाला बोला, त्यानंही आपल्याला मडकं दिलं ते लांबूनच. तो आपल्या वरच्या पायरीवर होता आणि ती पायरी त्याला प्यारी होती. उतरंडीची गंमत हीच. प्रत्येक मडक्याला खालच्यावर बसल्याचं समाधान, आपल्या डोक्यावर किती आहेत ते कुणी मोजत नाही. पण खळ्यावर रास ज्याची होती, त्याच्यापुढं दोघंही पदर पसरूनच उभे होते.

मग अॅल्युमिनियम आलं, स्टेनलेस स्टील आलं, प्लास्टिक आलं. चाकं थांबली. कुंभाराचा पोरगा मुंबईला गेला, रिक्षावर बसला, एमआयडीसीत लागला. आता तीच माती शहरातून कला होऊन परत आलीय. शिकलेला कारागीर मगाच्या बुडाशी सही करतो, तेव्हा भाव विचारताना आवाज खाली येतो. आठवडी बाजारात कुंभारीण पाटी घेऊन बसते, तेव्हा दहा रुपयांसाठी घासाघीस चालते. तंत्रात फरक आहे, ते मान्य. कुंभाराचा आवा आठशे-नऊशे अंशांपर्यंत तापतो, झिलईच्या पक्क्या मालाला बाराशेच्या वर जावं लागतं, म्हणून त्यातून पाणी झिरपत नाही. भट्टीचा खर्च जास्त, तर भावही जास्त, हे समजतं. पण एकाच्या मालाला कला आणि दुसऱ्याच्या मालाला मडकं म्हणतात, ते काही भट्टीची आच मोजून नव्हे.

आणि सहीवाला कारागीर तरी सुखात आहे काय? एका कपाला काय काम पडतं बघा. माती मळायची, आतली हवा काढायची. चाकावर उभा करायचा. जरा आवळला की उलटा करून बूड तासायचं. मग कान लावायचा. कान सगळ्यात नाजूक काम. कपाची ओल आणि कानाची ओल सारखी असावी लागते. एक सुका आणि एक ओला असला की वाळताना सांध्याला तडा जातो. मग सावलीत हळूहळू वाळवायचा, एकदा भाजायचा, झिलई चढवायची, पुन्हा भाजायचा. दोन्ही वेळा भट्टी निवेपर्यंत दार उघडायचं नाही. दोनशे कप म्हणजे दोनशे वेळा हे सगळं.

कंपनीला जाग कधी येते? गणपती गेल्यावर. साहेबाचा फोन : दिवाळीच्या आधी अडीचशे पाहिजेत, सगळे एकसारखे, प्रत्येकावर आमचा शिक्का. आपल्या कोकणात जून ते सप्टेंबर हवा ओलीचिंब, माल वाळता वाळत नाही. ओला कप घाईनं भट्टीत घातला की आतल्या पाण्याची वाफ होते आणि कप फुटतो. शेजारच्या चार कपांना घेऊन फुटतो. आगाऊ पैसे नाहीत. फुटले ते कारागिराचे. पोचवायचं भाडं कारागिराचं. बिल मार्चमध्ये. हातानं केलेलं हवं आणि यंत्रासारखं एकसारखंही हवं! उरलेला वाकडा माल मग कुणाच्या वाट्याला येतो ते वर सांगितलंच.

यात आणखी एक माणूस असतो, तो चिठ्ठीवर कधीच नसतो. माती मळणारा, भट्टी भरणारा मदतनीस. मातीच्या कोरड्या धुळीत सिलिका असते, ती फुप्फुसात बसली की निघत नाही. गुजरातेत मोरबीकडं टाइल्स आणि संडासाची भांडी करणाऱ्या कामगारांचा हाच दमा आहे, सिलिकोसिस. त्यावर औषध नाही. उपाय साधे आहेत. कोरडी माती झाडायची नाही, ओल्या फडक्यानं पुसायची, तोंडाला नीट मास्क. पण हे खर्चात धरायला पाहिजे, आणि घासाघिशीत पहिल्यांदा हेच कापलं जातं.

सरकारचं काय? २००४ साली रेल्वेमंत्री लालूप्रसादांनी स्टेशनांवर कुल्हड आणायचं जाहीर केलं. २०१९ साली आपल्या गडकरींनी शंभर स्टेशनांसाठी मागणी केली. २०२० साली पीयूष गोयल म्हणाले, सगळ्या स्टेशनांवर कुल्हड. तीनदा घोषणा झाली. प्लॅटफॉर्मवर बहुतेक ठिकाणी चहा कशात मिळतो ते तुम्हीच बघा. २०२३ च्या सप्टेंबरात विश्वकर्मा योजना आली. अठरा धंदे, त्यात कुंभार. शिकताना रोज ५०० रुपये, हत्यारांसाठी १५,००० रुपये, पाच टक्के व्याजानं आधी एक लाख, मग दोन लाख कर्ज. घेणाऱ्यानं जरूर घ्यावं. पण चाक दिलं, कर्ज दिलं, आणि गिऱ्हाईक? घ्यायला कुणी नसेल तर कर्ज फेडायचं कशातून? शिवाय योजना बापजाद्यांच्या, घराण्यातून आलेल्या धंद्यांचं नाव घेते. कुंभाराच्या पोरानं चाकावरच बसावं हा आग्रह का? आणि आपल्या पोरीला चाकावर बसायचं असेल तर? जात ही कामाची नव्हे, काम करणाऱ्यांची वाटणी आहे, हे बाबासाहेबांनी शिकवलं. तर कुंभाराचा पोरगा इंजिनिअर होऊ दे, आणि आपल्या वस्तीतली पोरगी मुंबईच्या जे. जे. मध्ये सिरॅमिक शिकून येऊ दे. माती कुणाच्याही हाताला सारखीच चिकटते.

गिऱ्हाईक होणं म्हणजे काय, ते घाटापलीकडं कोल्हापुरात एका माणसानं दाखवून दिलं. गंगाराम कांबळे हे संस्थानच्या नोकरीतले. पाण्याला शिवले म्हणून सवर्ण नोकरांनी त्यांना मारलं. शाहू महाराजांनी मारणाऱ्यांना शिक्षा केली, पण तेवढ्यावर थांबले नाहीत. गंगारामना चहाचं हॉटेल काढायला मदत केली. लोक येईनात. तेव्हा महाराज गाडी थांबवून स्वतः तिथला चहा प्यायला लागले, आणि बरोबरच्या सरदार-दरकदारांनाही पाजायला लागले. पुढं सोडा वॉटरचं मशीन मिळवून दिलं. महाराज १९२२ साली गेले, त्याच्या काही वर्षं आधीची ही गोष्ट. एका राजाला शंभर रुपये भेट देऊन मोकळं होणं सोपं होतं. तो भर रस्त्यात गिऱ्हाईक झाला आणि त्याच कपाला ओठ लावला. बक्षिसी आणि बरोबरी यांतलं अंतर इथं कळतं.

उलटं उदाहरण साता समुद्रापलीकडचं. इंग्लंडचा मोठा कुंभार-कारखानदार जोसाया वेजवूड. १७८७ साली त्यानं गुलामीविरुद्ध मातीचं पदक काढलं. साखळदंडातला काळा माणूस, मी माणूस नाही का, भाऊ नाही का, असं विचारणारा. पदकं फुकट वाटली, बेंजामिन फ्रँकलिनला पाठवली, शौकिनांनी दागिन्यात मढवली. काम चांगलं झालं, चळवळीला जोर आला. पण पदकावरचा तो माणूस गुडघ्यावर आहे. हात जोडून आहे. देणाऱ्याचं मन कितीही मोठं असो, त्याच्या मातीत घेणारा बऱ्याचदा असाच घडतो. याच वेजवूडनं आपल्या कारखान्यात घंटा लावली आणि कामगारांची हजेरी कडक केली. पदक आणि हजेरी एकाच मालकाच्या घरची. आपण दोन्ही बघायला शिकलं पाहिजे.

तर दोस्तहो, युनियनमध्ये असाल, ऑफिसात असाल, पतपेढीच्या कमिटीवर असाल, मातीच्या भेटीचा विषय निघाला तर नाही म्हणू नका. पुढच्या गोष्टी लिहून घ्या.

एक. यादी ऑफिसची नको, गेटची. त्या आवारात जो घाम गाळतो त्याचं नाव यादीत. ठेकेदाराचा, रोजंदारीचा, झाडूवाली, वॉचमन, सगळे. आणि सगळ्यांना एकाच भट्टीतला, एकाच प्रतीचा कप. पैसे कमी पडत असतील तर लहान कप करा, वेगळा कप करू नका.

दोन. आधी बोनस, मग कप.

तीन. ऑर्डर होळीच्या आसपास द्या. उन्हाळ्यात माल वाळतो, आणि पावसाळ्याच्या तोंडावर कारागिराच्या घरात पैसा जातो. निम्मी रक्कम आगाऊ, उरलेली माल हातात आल्यावर, त्याच आठवड्यात.

चार. भट्टीत काही फुटणार हे धरूनच भाव ठरवा. भाव कारागिरानं सांगायचा. मदतनिसाची मजुरी आणि धुळीपासूनचा बचाव त्यात धरलाय का, ते आपण विचारायचं.

पाच. बुडाशी शिक्का करणाऱ्याचा. मालकाचं नाव गेटवर आहे तेवढं पुरे.

सहा. मग घडवणारी सहीवाली असो की आठवडी बाजारातली कुंभारीण, अर्धी ऑर्डर तिला, अर्धी हिला, असं जमत असेल तर तेही बघा. पक्क्या झिलईचे कप एकीकडून, पाण्याचे माठ दुसरीकडून. आपल्या जेटीवर उन्हाळ्यात थंड पाण्याचा माठ ठेवला तर कुणाला नको आहे? मात्र माठ एकच ठेवा, आणि पेलाही सगळ्यांचा एकच.

गोरोबाकाकांची गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे. थापटणं घेऊन त्यांनी संतांची डोकी ठोकून पाहिली, पक्कं मडकं कुठलं आणि कच्चं कुठलं. नामदेवांना राग आला आणि तेच कच्चे ठरले. आपल्यात संत कुणी नाही. पण बाजारात मडकं घेताना आपल्या आया ते बोटानं वाजवून घेतात. चांगलं असेल तर खणखणतं. तडा असेल तर बद्द वाजतं, मग वरून कितीही रंगवलेलं असो. मालकानं दिलेली भेटसुद्धा अशीच वाजवून घ्यायची. वाजवल्याचा ज्याला राग येईल, त्याच्या मालात तडा आहे असं खुशाल समजा.